एकाच तारेवरचे आठ तापमान सेन्सर: स्वतःच्या उष्णतेची चूक कशी ओळखायची, कशी घालवायची

पंखा असलेल्या उबवणी पेटीत कोंबडीच्या अंड्यांना २१ दिवस साधारण ३७.५ अंश सेल्सिअस तापमान लागतं. खुडूक कोंबडी ते पोटाखाली आपोआप राखते. पेटीत ते काम हीटर, पंखा आणि सेन्सर मिळून करतात. सेन्सर अर्धा अंश जास्त दाखवत असेल, तर पेटी तीन आठवडे अर्धा अंश थंड राहते आणि पिल्लं निघायला उशीर होतो. म्हणून इथे अर्धा अंश ही किरकोळ गोष्ट नाही.

पेटीच्या चार कोपऱ्यांत, मध्ये, अंड्यांच्या पातळीवर दोन ठिकाणी आणि हीटरजवळ मिळून आठ सेन्सर लावायचे आहेत असं धरू. डीएस१८बी२० हा सेन्सर यासाठी सोयीचा आहे, कारण सगळे आठ एकाच डेटा तारेवर बसतात. प्रत्येकाला कारखान्यातच स्वतःचा ६४ बिटांचा क्रमांक मिळालेला असतो. ही चिप मूळची डॅलस सेमिकंडक्टरची. २००१ मध्ये ती कंपनी मॅक्सिमकडे गेली आणि २०२१ मध्ये मॅक्सिम अ‍ॅनालॉग डिव्हायसेसकडे, त्यामुळे एकाच चिपची माहितीपत्रकं तीन वेगवेगळ्या नावांनी सापडतात. गोंधळू नका.

पुढचं सगळं एका गोष्टीवर उभं आहे. सेन्सर हवेचं तापमान सांगत नाही, अंड्याचंही सांगत नाही. तो स्वतःच्या आतल्या सिलिकॉनच्या तुकड्याचं तापमान सांगतो. तो तुकडा आणि आजूबाजूची हवा एकाच तापमानाला आणून ठेवणं, हे आपलं काम.

आधी दोन आकडे वेगळे करा

पडद्यावर ३७.५६२५ असा आकडा आला की नवख्या माणसाला वाटतं, सेन्सर दहा हजाराव्या भागापर्यंत अचूक आहे. तसं नाही. १२ बिटांवर या सेन्सरची पायरी ०.०६२५ अंशाची असते, म्हणजे आकडा तेवढ्या टप्प्यांनी बदलतो. अचूकतेची हमी मात्र उणे १० ते अधिक ८५ अंशांमध्ये ±०.५ अंश इतकीच आहे. म्हणजे एकाच पेल्यातल्या पाण्यात दोन चांगले सेन्सर बुडवले आणि एकाने ३७.१, दुसऱ्याने ३७.९ दाखवलं, तरी दोघेही आपल्या हमीत आहेत.

पायरीची मोजपट्टी बारीक आहे, ती फक्त थोडी सरकलेली आहे, एवढाच याचा अर्थ. सरकलेली पट्टी किती सरकली ते एकदा मोजलं की दुरुस्त करता येते. स्वतःच्या उष्णतेने आलेली चूक, म्हणजे मोजताना वाहणाऱ्या विजेने चिप तापून आकडा वर जाणं, अशी एकदाच मोजून संपत नाही. तुम्ही सेन्सरला किती वेळा विचारता, हवा हलते आहे की नाही, यावर ती बदलत राहते. म्हणून आधी ती घालवायची आणि मग पट्टी दुरुस्त करायची. हा क्रम उलटा झाला की दोन चुका एकमेकींत मिसळतात आणि वेगळ्या काढता येत नाहीत.

सामान

टीओ-९२ पॅकेजमधले, म्हणजे तीन पायांच्या काळ्या ट्रान्झिस्टरसारखे दिसणारे आठ सेन्सर. पेटीच्या हवेसाठी हेच घ्या. स्टीलच्या नळीतला जलरोधक सेन्सर पाण्यासाठी चांगला, पण हवेत तो सुस्त असतो. ५ व्होल्टवर चालणारा आर्डुइनो उनो किंवा नॅनो, म्हणजे प्रोग्राम भरून सेन्सर वाचणारा छोटा बोर्ड. ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टर. पट्टे पिवळा, जांभळा, लाल, सोनेरी. १०४ छापलेले आठ सिरॅमिक कपॅसिटर, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडचे. कॅट-५ केबल तीन-चार मीटर, हीट-श्रिंक नळी आणि सोल्डरचं साहित्य. शिवाय काचेचा थर्मॉस, बर्फ, आणि ±०.१ अंश अचूकता छापलेला ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर.

नकली चिपा बाजारात भरपूर आहेत. अस्सल चिपचा आठ बाइटांचा क्रमांक बहुधा असा दिसतो: पहिला बाइट २८, मग चार बदलते बाइट, मग ००-००, आणि शेवटी तपासणीचा बाइट. साचा याहून वेगळा दिसला तर त्या चिपेवर माहितीपत्रकातले आकडे लागू होतीलच असं धरू नका. ती वापरायची असेल तर खालच्या दोन्ही चाचण्या करूनच वापरा.

पायरी १: जोडणी

सेन्सरची सपाट बाजू तुमच्याकडे आणि पाय खाली धरा. डावा पाय ग्राउंड, मधला डेटा, उजवा वीजपुरवठा. ग्राउंड आणि पुरवठा उलटे जोडले गेले, तर सेन्सर काही सेकंदांत बोटाला चटका बसेल इतका तापतो. पहिल्यांदा वीज दिल्यावर प्रत्येक सेन्सरला बोट लावून बघा, कोणता गरम लागला तर लगेच वीज काढा.

केबल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ न्या आणि वाटेत एकेक सेन्सर जोडत जा. आर्डुइनोपासून आठ दिशांना आठ तारा काढल्या की प्रत्येक तारेच्या टोकावरून सिग्नल परत उसळतो आणि वाचन चुकतं. केबलच्या एका जोडीत डेटा आणि ग्राउंड एकमेकांभोवती पिळलेले असू द्या, पुरवठ्याची तार दुसऱ्या जोडीतून न्या. ४.७ के रेझिस्टर आर्डुइनोच्या टोकाला, डेटा आणि पुरवठा यांच्यामध्ये. बस, म्हणजे सगळ्या सेन्सरांची सामायिक डेटा तार, एक असेल तर हा रेझिस्टरही एकच, प्रत्येक सेन्सरला वेगळा लावायचा नाही. १०४ कपॅसिटर मात्र प्रत्येक सेन्सरच्या पायांशी, पुरवठा आणि ग्राउंड यांच्यामध्ये.

पेटीसाठी चार मीटर केबल म्हणजे काहीच नाही. हीच मांडणी पुढे मोठ्या शेडमध्ये न्यायची असेल तर हिशेब बदलतो. कॅट-५ च्या एका जोडीची धारिता, म्हणजे कपॅसिटरसारखी वीज साठवण्याची क्षमता, मीटरला साधारण ५० पिकोफॅरड असते. १०० मीटरला ती ५ नॅनोफॅरड होते, आणि ४.७ के सोबत डेटा तार वर चढायला २३-२४ मायक्रोसेकंदांचा कालांक, म्हणजे साधारण दोन तृतीयांश वर चढण्याचा वेळ, लागतो. बिट वाचायचा क्षण पहिल्या १५ मायक्रोसेकंदांत असतो, त्यामुळे तार अर्धवट वर आलेली असतानाच वाचन होतं. अशा वेळी रेझिस्टर २.२ के किंवा १.५ के करावा लागतो. त्याहून फार खाली जाऊ नका. सेन्सर डेटा तार खाली ओढताना ४ मिलिअँपिअरपर्यंतच प्रवाह नीट पेलतो, आणि ५ व्होल्टला त्याची सीमा १.२५ के वर येते.

दोन तारांवर चालणारी परजीवी पद्धत, म्हणजे पुरवठ्याची तार वगळून डेटा तारेतूनच वीज घेण्याची सोय, या कामाला नको. मोजताना प्रत्येक सेन्सर १ ते १.५ मिलिअँपिअर घेतो. आठ सेन्सर एकदम मोजायला लागले की १२ मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह लागतो आणि ४.७ के मधून तो येऊच शकत नाही. त्यासाठी वेगळा मॉस्फेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, लावावा लागतो. तिसरी तार टाकणं त्याहून कितीतरी सोपं.

पायरी २: कोणता सेन्सर कुठला, ते नक्की करा

बसवर शोध घेतला की आठ क्रमांक मिळतात, पण ते केबलवरच्या क्रमाने येत नाहीत. एक सेन्सर अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत दहा सेकंद धरा. ज्या क्रमांकाचा आकडा ३० च्या पुढे धावेल तो हा. (खोलीच ३५ अंशांवर असेल तर बोटाऐवजी बर्फाचा खडा पिशवीत घालून टेकवा.) लगेच त्या तारेला कागदी चिकटपट्टीचं निशाण लावा: १, २, ३. नंतर करू म्हटलं की हे राहून जातं आणि पुढची सगळी दुरुस्ती चुकीच्या सेन्सरला लागते.

प्रोग्राममध्ये क्रमांक पूर्ण लिहून ठेवा आणि त्याच क्रमांकाने वाचा. पहिला, दुसरा, तिसरा अशा अनुक्रमाने वाचलं, तर दर वेळी बसवर नव्याने शोध होतो, वेळ जातो, आणि एक सेन्सर निखळला की पुढचे सगळे एकेक घर सरकतात. मग कोपऱ्यातला सेन्सर मधला म्हणून दिसू लागतो.

पायरी ३: विचारण्याची पद्धत, खरी गोम इथे आहे

तापमान मिळवण्याचं काम दोन टप्प्यांत होतं. पहिला हुकूम ‘मोजा’, हेक्स ४४ (हेक्स म्हणजे सोळाच्या पायावरची संख्या; इथले सगळे हुकूम आणि बाइट तसेच लिहिले आहेत). हा मिळाला की सेन्सर जागा होतो, १२ बिटांवर ७५० मिलिसेकंदांपर्यंत मोजत बसतो, आणि एवढ्याच वेळात साधारण १ मिलिअँपिअर प्रवाह घेतो. दुसरा हुकूम ‘मोजलेलं सांगा’, हेक्स बीई. यात फक्त आधीच साठवलेला आकडा वाचला जातो, सेन्सर तापत नाही. एरवी सेन्सर झोपलेला असतो आणि तेव्हाचा प्रवाह एका मायक्रोअँपिअरच्या आत असतो. म्हणजे सेन्सर तापतो तो मोजताना, वाचताना नाही.

आता सामायिक तारेचा मुद्दा. ‘मोजा’ हुकूम दोन प्रकारे देता येतो. आधी ५५ हा हुकूम आणि एका सेन्सरचा क्रमांक पाठवला, तर तो एकटा मोजतो. आधी सीसी पाठवलं, तर बसवरचे सगळे एकदम मोजायला लागतात. आर्डुइनोच्या प्रचलित डॅलस-टेम्परेचर लायब्ररीतलं ‘रिक्वेस्ट-टेम्परेचर्स’ हे फंक्शन दुसऱ्या प्रकारचं आहे. ते सगळ्यांना उठवतं.

नवख्यांच्या प्रोग्राममध्ये सर्रास असा लूप असतो: पहिल्या सेन्सरसाठी रिक्वेस्ट, मग त्याचं वाचन, दुसऱ्यासाठी रिक्वेस्ट, मग त्याचं वाचन, असं आठव्यापर्यंत. दिसायला बरोबर, आकडेही येतात. पण प्रत्येक रिक्वेस्टला आठही सेन्सर उठतात. एका फेरीत प्रत्येक सेन्सर आठ वेळा मोजतो, फेरीला ६ सेकंद लागतात, आणि फेऱ्या पाठोपाठ चालत असतील तर आठही सेन्सर दिवसरात्र मोजतच राहतात. हवा होती तशीच आहे, पण आकडे वर गेलेले असतात. सगळे एकसारखे वर गेल्यामुळे एकमेकांशी ताळा जुळतो आणि शंकाही येत नाही.

बरोबर क्रम असा: एकच रिक्वेस्ट, ७५० मिलिसेकंद थांबणं, मग आठही क्रमांकांचं एकामागून एक वाचन, आणि पुढच्या फेरीपर्यंत शांतता. एका फेरीत प्रत्येक सेन्सर एकदाच तापतो.

आर्डुइनोऐवजी रास्पबेरी पाय हा लिनक्सवर चालणारा छोटा संगणक वापरत असाल तर तिथे उलट आहे. लिनक्सचा ड्रायव्हर प्रत्येक सेन्सरची फाइल वाचताना त्या एकालाच मोजायला लावतो. आठांना सहा सेकंद लागतात, पण तापतो प्रत्येक जण एकदाच. तिथे पुरवठा ३.३ व्होल्टचाच द्यायचा.

पायरी ४: किती तापतो, त्याचा हिशेब

५ व्होल्ट गुणिले १ मिलिअँपिअर म्हणजे मोजतानाची उष्णता ५ मिलिवॅट. याच टीओ-९२ पॅकेजमधल्या एलएम३५ या सेन्सरच्या माहितीपत्रकात स्थिर हवेसाठी वॅटला १८० अंश असा आकडा आहे. अंदाजाला तोच धरू. ०.००५ गुणिले १८० म्हणजे ०.९ अंश. वरच्या चुकीच्या लूपमध्ये, पंखा बंद असताना, सेन्सर हवेपेक्षा इतका गरम राहू शकतो. कारखान्याच्या हमीपेक्षा ही चूक मोठी आहे.

आता मिनिटाला एकदाच मोजा. ६० सेकंदांत ०.७५ सेकंद काम, म्हणजे १.२५ टक्के वेळ. सरासरी चूक ०.०११ अंश, सेन्सरच्या एका पायरीच्या पाचव्या हिश्शाएवढीसुद्धा नाही. ३० सेकंदांना एकदा मोजलं तर ०.०२ च्या आसपास. १० सेकंदांना एकदा मोजलं तर ०.०७, म्हणजे एक पायरी.

हीटर चालू-बंद करायला १० सेकंदांनी आकडा हवाच असेल तर बिट कमी करा. ११ बिटांवर मोजायला ३७५ मिलिसेकंद लागतात आणि पायरी ०.१२५ अंशाची होते. चूक निम्म्यावर, ०.०३४ वर येते. १० बिटांवर १८७.५ मिलिसेकंद आणि पाव अंशाची पायरी, ९ बिटांवर ९३.७५ मिलिसेकंद आणि अर्ध्या अंशाची पायरी. पेटीसाठी ११ बिट आणि १० सेकंद, किंवा १२ बिट आणि ३० सेकंद, यांपैकी काहीही चालेल. आमचा कौल दुसऱ्याला. पेटीतली हवा आणि अंडी दोन्ही संथ असतात, ३० सेकंदांत तिथे काही बिघडत नाही.

पुरवठा ५ ऐवजी ३.३ व्होल्टचा दिला तरी उष्णता एक तृतीयांशाने उतरते. सेन्सर ३.० ते ५.५ व्होल्टवर चालतो.

सरासरी काढण्याचा मोह इथे आवरायला हवा. पाठोपाठ दहा वाचनं घेऊन सरासरी काढली की आकडा स्थिर दिसतो, पण त्यासाठी सेन्सर साडेसात सेकंद सलग तापलेला असतो. सरासरी काढायचीच तर अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने घेतलेल्या शेवटच्या पाच वाचनांची काढा.

पायरी ५: घरीच मोजून बघा

हिशेबावर विसंबू नका, कारण सेन्सरचे पाय कुठे सोल्डर केले आहेत, तारा किती जाड आहेत, यावर खरा आकडा ठरतो. टीओ-९२ मध्ये बरीचशी उष्णता तांब्याच्या पायांतून ये-जा करते. जाड तारा जोडल्या तर चूक ०.९ पेक्षा कमी येईल. एकाच तारेवर दोन सेन्सर असल्याचा फायदा घेऊन ही चाचणी नेमकी करता येते.

एक थर्माकोलचा डबा घ्या. दोन सेन्सर आत, एकमेकांपासून निदान ५ सेंटिमीटरवर, कशालाही न टेकता लटकवा. झाकण लावून तासभर तसंच ठेवा. मग २० मिनिटं दोघांनाही मिनिटाला एकदा मोजायला लावा आणि दोघांमधला सरासरी फरक लिहून घ्या, समजा ०.१२. आता ५५ हुकूम वापरून फक्त पहिल्याला सलग मोजायला लावा. दुसरा मिनिटाला एकदाच. पहिल्याचा आकडा काही मिनिटांत चढतो आणि मग सपाट होतो. १५ मिनिटांनी पुन्हा फरक काढा, समजा ०.८१. शेवटी पहिल्यालाही मिनिटाच्या गतीवर आणा आणि फरक पुन्हा ०.१२ च्या जवळ येतो का बघा. आला, तर ०.६९ अंश ही तुमच्या मांडणीत स्वतःच्या उष्णतेची पूर्ण चूक. परत आला नाही, तर डब्यात दुसरंच काही बदललं आहे. उन्हाची तिरीप, जवळ ठेवलेला चार्जर, अर्धवट लागलेलं झाकण, असलं काही. ते काढून चाचणी पुन्हा करा.

हीच चाचणी पंखा लावून केली की फरक बराच घटलेला दिसेल. म्हणूनच पंख्याशिवायच्या पेटीत मोजण्याची गती फार सांभाळावी लागते.

पायरी ६: पट्टी किती सरकली ते मोजा

ही पायरी पाण्यात करायची. पाणी सेन्सरची उष्णता हवेपेक्षा कितीतरी चांगली ओढून घेतं, त्यामुळे पाण्यात दिसणारी चूक ही चिपची स्वतःची चूक असते. तरीसुद्धा मोजण्याची गती मिनिटाला एकच ठेवा.

आधी शून्य अंश. पिण्याच्या शुद्ध पाण्याचा बर्फ बारीक कुटून थर्मॉस गच्च भरा आणि फटी भरतील इतकंच थंड पाणी ओता. बर्फ पाण्यावर तरंगू लागला तर पाणी जास्त झालं, ओतून काढा. तळाशी नुसतं पाणी साचलं तर ते ४ अंशांपर्यंत असू शकतं आणि सेन्सरचं टोक नेमकं तिथेच पोहोचतं. आठही सेन्सरांची काळी टोकं एका पातळीवर आणून रबराने जुडी बांधा, पातळ पॉलिथिनच्या पिशवीत घाला आणि पाण्याच्या दाबाने पिशवीतली हवा वर निघू द्या. तारांचा १५ सेंटिमीटर भागही बर्फात असू द्या, नाहीतर बाहेरची उष्णता पायांतून आत येते. अधूनमधून ढवळत १५ मिनिटं थांबा, मग पाच वाचनं घ्या.

मग कामाच्या तापमानाजवळ. पाच लिटरच्या पातेल्यात ३८ अंशांच्या आसपासचं कोमट पाणी घ्या, जुडी आणि ताप मोजायच्या थर्मामीटरचं टोक शेजारी-शेजारी धरा आणि सतत ढवळा. डिजिटल थर्मामीटर सर्वांत जास्त आलेला आकडा धरून ठेवतो आणि पाणी तर निवत असतं. म्हणून प्रत्येक वाचनाआधी तो बंद करून पुन्हा सुरू करा आणि तो बीप देताच सेन्सरचे आकडे नोंदवा. अशी पाच वाचनं पुरेत. पेटी ३७.५ वर चालवायची असल्याने या दुसऱ्या बिंदूवरची दुरुस्तीच वापरा. शून्याचा आकडा वहीत ठेवा, तो पुढे उपयोगी पडेल.

उकळत्या पाण्याचा बिंदू यासाठी घेऊ नका. पाणी कुठे किती अंशांना उकळतं ते समुद्रसपाटीपासूनच्या उंचीवर ठरतं. मुंबईत १०० च्या जवळ, ५६० मीटरवरच्या पुण्यात ९८ च्या आसपास, महाबळेश्वरला ९५-९६. शिवाय ८५ अंशांच्या वर या सेन्सरची ±०.५ ची हमीच राहत नाही.

दुरुस्तीचा आकडा सेन्सरच्या आतच साठवता येतो, ही फार कामाची सोय आहे. टीएच आणि टीएल हे दोन बाइट धोक्याच्या इशाऱ्यासाठी असतात. इशारा वापरत नसाल तर ते मोकळेच आहेत. टीएच मध्ये अंशाच्या शंभराव्या भागात चिन्हासह दुरुस्ती लिहा, उणे १.२८ ते अधिक १.२७ अंश मावतात. ४ई या हुकुमाने लिहिताना टीएच, टीएल आणि बिट ठरवणारा बाइट असे तिन्ही एकदम पाठवावे लागतात. १२ बिटांसाठी तिसरा बाइट ७एफ, ११ साठी ५एफ. मग ४८ हुकूम द्या आणि १० मिलिसेकंद थांबा, म्हणजे वीज गेली तरी आकडा टिकतो. सेन्सर उद्या दुसऱ्या पेटीत गेला तर त्याची दुरुस्ती त्याच्याबरोबर जाते.

पायरी ७: पेटीत बसवणं

सेन्सरची स्वतःची ५ मिलिवॅट उष्णता आपण इतकी निगुतीने मोजली, पण शेजारी वायफायचा ईएसपी८२६६ बोर्ड बसवला तर सगळं पाण्यात गेलं. त्याच्या रेग्युलेटरमध्ये १.७ व्होल्ट उतरतात. प्रवाह ८० मिलिअँपिअर धरला, तर १३६ मिलिवॅट नुसते रेग्युलेटरवर तापतात, सेन्सरच्या २७ पट. बोर्ड, रिले, चार्जर हे सगळं पेटीच्या बाहेर, आणि सेन्सरच्या वरही नाही, खालीही नाही, बाजूला ठेवा.

हीटर म्हणून बल्ब असेल तर त्याचा प्रकाश थेट सेन्सरवर पडू देऊ नका. काळं पॅकेज ती उष्णता शोषतं आणि हवेपेक्षा जास्त आकडा दाखवतं. मध्ये पांढऱ्या पुठ्ठ्याची छोटी आडोशाची पट्टी लावा, पण हवा अडू देऊ नका. सेन्सर पेटीच्या भिंतीला टेकवू नका. केबल बाहेर काढण्याआधी तिचं १५ सेंटिमीटरचं वेटोळं आतच ठेवा, म्हणजे बाहेरचा गारवा तारेतून सेन्सरपर्यंत येत नाही.

आकडे विचित्र आले तर

८५.००: वीज मिळाल्यावर सेन्सरमध्ये हाच आकडा असतो. याचा अर्थ मोजणी पूर्ण झालीच नाही. एकतर ७५० मिलिसेकंद थांबला नाहीत, किंवा मोजता मोजता पुरवठा क्षणभर पडला. कपॅसिटर आणि सोल्डर तपासा.

उणे १२७: आर्डुइनोच्या लायब्ररीची ही खूण आहे, सेन्सर सापडला नाही किंवा तपासणीचा बाइट जुळला नाही. एखाद-दुसऱ्या वेळी आला तर गाळा, वारंवार आला तर केबल बघा. हा आकडा हीटरच्या निर्णयापर्यंत कधीही पोहोचू देऊ नका, नाहीतर पेटी थंड आहे असं समजून हीटर चालूच राहील.

नेमका ०.००: सर्वांत फसवा आकडा. डेटा तार ग्राउंडला चिकटली की नऊच्या नऊ बाइट शून्य येतात, आणि सगळ्या शून्यांचा तपासणी बाइटही शून्यच निघतो, म्हणून तपासणी पास होते. बिट ठरवणारा पाचवा बाइट अस्सल वाचनात कधीच शून्य नसतो. तो शून्य दिसला तर वाचन फेकून द्या.

सगळे आकडे सुरुवातीच्या पाच-दहा मिनिटांत हळूहळू चढले आणि मग थांबले, तर पेटी तापते आहे की सेन्सर, हे बघा. हीटर बंद ठेवून प्रोग्राम सुरू करा. तरीही आकडे चढले, तर लूपमध्ये कुठेतरी जास्तीची रिक्वेस्ट राहिली आहे.

पेटीतल्या एक-दोन ठिकाणी ±०.१ अंश खात्रीने हवं असेल, तर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीएमपी११७ बघा. उणे २० ते अधिक ५० अंशांत त्याची हमी ±०.१ ची आहे. तो १५.५ मिलिसेकंदांत मोजतो आणि मोजताना साधारण १३५ मायक्रोअँपिअरच घेतो, त्यामुळे तापतोही फार कमी. पण तो आय-स्क्वेअर-सी या वेगळ्या, दोन सिग्नल तारांच्या बसवर चालतो, एका बसवर चारच पत्ते मिळतात, आणि हाताने सोल्डर करायला अवघड आहे. पेटीत एक टीएमपी११७ संदर्भ म्हणून आणि बाकी आठ डीएस१८बी२०, ही जोडी छान जमते.

अंड्यांची नवी खेप लावण्याआधी जुडी पुन्हा थर्मॉसमधल्या बर्फात घाला आणि वहीतल्या शून्याच्या आकड्याशी ताडून बघा. एखादा सेन्सर ०.२ अंशापेक्षा जास्त हलला असेल तर नवी दुरुस्ती लिहीत बसू नका. त्याच्या पायांशी ओल शिरली आहे का ते पाहा आणि सरळ बदला.